बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचं म्हणजे आधी जुनं घर मोडायचं, अशी माझी आपली समजूत होती. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती खोटी ठरली.

आमच्या घरचा संगणक दहा वर्षांचा. एके रात्री त्याच्या डिस्कमधून पाल चुकचुकावी तसा आवाज येऊ लागला आणि माझ्या मनातही पाल चुकचुकली. कारण त्या डिस्कवर आजीच्या ओव्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिला जात्यापाशी बसवून मी त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आजी वैशाखात गेली. दुसरी प्रत काढू काढू म्हणता राहूनच गेली होती.

संगणक एकदा बंद केला तर पुन्हा उठेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तो चालू असतानाच नवी डिस्क बाहेरून वायरनं जोडली. तिचे दोन भाग पाडले. एक व्यवस्थेसाठी, दुसरा घरच्या चीजवस्तूंसाठी. आधी ओव्या हलवल्या. मोजल्या, ११२ भरल्या. जीव भांड्यात पडला.

मग लिनक्स. हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्सनं विद्यार्थिदशेत, १९९१ साली, त्याचा गाभा लिहिला. १९९३ साली इयन मर्डॉकनं डेबियनची सुरुवात केली. या डेबियनमध्ये 'डीबूटस्ट्रॅप' नावाची एक सोय आहे. ती चालू व्यवस्थेतूनच रिकाम्या जागेत दुसरी व्यवस्था मांडते. एकेक जिन्नस इंटरनेटवरून आणते. मग डेव्ह, प्रॉक, सिस या तीन जागा नव्या घराला जोडून द्यायच्या, शेजाऱ्याकडून वीज ओढावी तशा. आणि 'चीरूट' म्हणून आत पाऊल टाकायचं. गंमत अशी, की खाली गाभा जुन्याचाच चालू असतो, पण भोवती पाहावं तर घर नवं! तिथंच बसून नवा गाभा घातला, परवलीचा शब्द ठरवला, संगणक उठवणारा 'ग्रब' बसवला.

जुनी डिस्क काढून नवी आत बसवली. कळ दाबली. आणि संगणक मध्येच थांबला! नव्वद सेकंद गेले, मग पडद्यावर संकटाची सूचना.

चूक माझीच होती. कोणता भाग कुठं जोडायचा याची यादी 'एफएसटॅब'मध्ये असते. ती मी जुन्यावरून उतरवली होती. पहिल्या ओळीतला ओळख-क्रमांक बदलला, दुसऱ्या ओळीतला विसरलो. बिचारी नवी व्यवस्था दीड मिनिट जुन्या डिस्कची वाट पाहत होती! क्रमांक दुरुस्त केला, पुन्हा कळ दाबली. या वेळी सारं सुरळीत उघडलं.

पहिलीच ओवी लावली. खोलीभर जात्याची घरघर आणि आजीचा आवाज. ही ओवी तिच्या आईची. आईच्या तोंडी तिच्यात आजीच्या माहेरगावाचं नाव होतं. सासरी आल्यावर आजीनं त्या जागी आमच्या गावाचं नाव घातलं, असं ती हसून सांगायची. ओवी तीच, पत्ता तेवढा बदललेला.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी ओव्यांची दुसरी प्रत काढली.