आंदर मावळातील देवराई

मावळ तालुका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे तो धावत्या मोटारीतून. लोणावळ्याची चिक्की, कार्ल्याची लेणी, पावसाळ्यातील भुशी धरण, एवढ्यावर आपला मावळ संपतो. परंतु जुन्या विभागणीप्रमाणे या तालुक्याची पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ अशी तीन खोरी आहेत. एकाच नावाची गावे वेगवेगळ्या खोऱ्यांत असल्याने सरकारी दप्तरात अजूनही गावाच्या नावापुढे 'प. मा.', 'ना. मा.' किंवा 'आं. मा.' अशी अक्षरे लिहितात. त्यांपैकी आंदर मावळ हे सर्वांत कमी पाहिले गेलेले खोरे. गेल्या मार्गशीर्षात पुण्यातील आम्ही चार कुटुंबे तेथे गेलो, ती डोंगर पाहण्यासाठी नव्हे, तर एक देवराई पाहण्यासाठी.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कान्हे फाट्याला उत्तरेकडे वळले आणि लोहमार्ग ओलांडला की टाकवे बुद्रुक लागते. येथवर कारखाने आहेत, मालमोटारी आहेत, चहाची दुकाने आहेत. टाकवे मागे पडले की मात्र रस्ता अरुंद होतो, भातखाचरे दिसू लागतात आणि वडेश्वरच्या पुढे ठोकरवाडी धरणाचे पाणी सोबतीला येते. हे धरण टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने बांधले. त्याचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्याने पश्चिमेला नेऊन कर्जतजवळच्या भिवपुरी येथे खाली सोडतात आणि त्यावर १९२२ पासून वीज निर्माण होते. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या तिच्यातील मोठा वाटा या खोऱ्यांच्या पावसाचा. खोऱ्याचा सखल, सुपीक भाग त्या वेळी पाण्याखाली गेला आणि वस्त्या कडेच्या उतारांवर सरकल्या.

पुढे खांडी आणि त्याही पलीकडे कुसूर. कुसूरपाशी सह्याद्रीची कड येते आणि तेथून कुसूर घाटाची जुनी वाट भिवपुरीकडे उतरते. काही ठिकाणी तिची दगडी फरसबंदी अजून पायाला लागते. कोकणातले मीठ वर आणि देशावरचे धान्य खाली, असा व्यापार अशा घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून शतकानुशतके चालला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या परिसरात पायी फिरून, जुने व्यापारी मार्ग, त्यांच्या कडेची लेणी आणि गावोगावच्या मातृदेवतांची ठाणी यांचा परस्परसंबंध शोधला व १९६२ साली आपल्या ग्रंथात मांडला. म्हणजे ज्या वाटेने आपल्यासारखे व्यापारी चालत होते, त्याच वाटेच्या कडेला या देवता आणि त्यांच्या राया आहेत.

आम्ही पाहिलेली राई ज्या गावाची आहे त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. कारण पुढे येईलच.

गावापासून अर्धा कोस चढून गेल्यावर उघड्या, गवताळ उतारावर अचानक झाडांची एक काळीशार भिंत दिसते. क्षेत्र जेमतेम चार-पाच एकर असेल. कडेला पायतण काढून ठेवण्याची रीत आहे. आत पाऊल टाकताच ऊन मागे राहते. जांभूळ, हिरडा, अंजन, आंबा, उंबर यांची खोडे इतकी जाड की एकेकाला कवेत घ्यायला दोन-तीन माणसे लागावीत. गारंबीची वेल अजगरासारखी या झाडावरून त्या झाडावर गेलेली आणि तिची हातभर लांबीची शेंग डोक्यावर लोंबणारी. पायाखाली पानांचा थर इतका मऊ की चालण्याचा आवाज होत नाही. वर हरियाल पक्ष्यांचा थवा उंबरावर बसला होता. त्यांची फळे खातानाची कुजबुज आणि दूरवर पाण्याचा झुळझुळाट, एवढेच काय ते ऐकू येत होते. आमच्याबरोबरची मुले, जी मोटारीत क्षणभर गप्प नव्हती, ती कोणी न सांगता हळू बोलू लागली.

मध्यभागी देवीचे ठाणे आहे. मंदिर नाही. शेंदूर लावलेले चार तांदळे, एक दगडी दिवा आणि वर झाडांचे छत. ठाण्याच्या मागून झरा निघतो. बाहेरच्या उतारावरचे ओहोळ तेव्हा आटत आले होते, हा मात्र भर वैशाखातही वाहतो असे गावकरी सांगतात. त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. पानांच्या थराखालची भुसभुशीत माती पावसाळ्यात पाणी पिऊन घेते आणि पुढे आठ महिने थेंबाथेंबाने सोडते. उघड्या डोंगरावरचे पाणी मात्र एका दिवसात धरणात जाऊन पोहोचते.

राईचे नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. कुऱ्हाड आत न्यायची नाही. पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, ते तेथेच कुजू द्यायचे. दिवेलागणीनंतर आत जायचे नाही. आम्हा चौविहार पाळणाऱ्यांना हा शेवटचा नियम सोयीचाच होता.

डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या रायांकडे प्रथम शास्त्रीय दृष्टीने पाहिले गेले. पवन मावळातील आजिवलीची वाघजाईची राई भेरली माडांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. गाडगीळ यांनी एक हकिकत नोंदविली आहे. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. तेथील राई तोडण्याचे वनखात्याने ठरविले, तेव्हा गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे मदत मागितली. त्यांनी मांडलेले कारण देवीच्या कोपाचे नव्हते. राई गेली तर तिच्यातून निघणारा ओढा आटेल, हे त्यांचे म्हणणे होते.

आपले अनेक नातलग इंग्लंडमध्ये आहेत. तेथे गेल्यावर ते आपल्याला अशाच एखाद्या जुन्या रानात फिरायला नेतात. सन १६०० पूर्वीपासून जेथे अखंड झाडी आहे, त्या जागेला तेथे 'प्राचीन वनभूमी' म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत निळ्या ब्लूबेल फुलांचे गालिचे उमलतात, ते अशाच रानांत. १९७२ साली स्थापन झालेली वुडलँड ट्रस्ट ही संस्था लोकांच्या देणग्यांतून अशी राने विकत घेऊन राखते. तेथे जुने नकाशे आहेत, दस्त आहेत, पायवाटेचा कायदेशीर हक्क आहे. आंदर मावळातील राईपाशी यांपैकी काहीच नाही. तिची हद्द फक्त गावाच्या स्मरणात आहे. म्हणूनच स्मरण बदलले तर ती एका पिढीत नाहीशी होऊ शकते.

आणि स्मरण बदलविणारे हात बहुधा वाईट हेतूचे नसतात. आम्ही ठाण्यापाशी बसलो असता आमच्यातील एका ज्येष्ठ बंधूंनी सहज विचारले, "एवढे जागृत स्थान, आणि वर छप्पर नाही? चार कुटुंबे मिळून सभामंडप बांधून देऊ. खाली फरशी, वर घुमट, येण्यासाठी पक्का रस्ता." जीर्णोद्धार हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म. अनेक तीर्थे अशाच दानाने उभी आहेत. त्यामुळे सूचना सर्वांना पटली.

आमच्यासोबत आलेल्या गावातील वृद्ध पुजाऱ्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "शेट, देवीला छप्पर चालत नाही. तिला आभाळ लागतं. पलीकडच्या खोऱ्यात एका गावानं मंडप बांधला. शिमिटाच्या गाड्या यायला वाट पाहिजे म्हणून सात झाडं पाडली. मंडपाला जागा पाहिजे म्हणून आणखी चार. आता मंडप आहे, कर्णा आहे, राई नाही. झरा फाल्गुनात आटतो."

बंधूंनी विचारले, "मग आम्ही द्यावे तरी काय?"

"गाड्या खाली लावून चालत आलात, तेवढं दिलंत की."

बोलणे पुढे निघाले तेव्हा आमच्यातील एका भगिनींनी तो प्रश्नही विचारला, जो प्रत्येकाच्या मनात होता: येथे बळी देतात का? पुजाऱ्यांनी लपविले नाही. जत्रेला कोंबडे, नवसाचे बोकड पूर्वी सर्रास पडत. आता बरीच घरे नारळ फोडतात, सगळी नाही. आमच्यापैकी दोघे तत्क्षणी उठून राईबाहेर गेले. त्यांचे मन समजण्यासारखे आहे. वनस्पतीतही जीव मानणारी आपली परंपरा; जेथे वाळकी काटकीही उचलत नाहीत, तेथेच मुक्या प्राण्याच्या मानेवर सुरी चालावी, हे पटणे अशक्य आहे. मीही ते पटवून घेतलेले नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जी घरे नारळाकडे वळली ती आपल्या मनाने वळली, आणि त्यांना कोणी बाहेरून येऊन पैशाच्या जोरावर वळविले नाही. आपण देणगीबरोबर अट घातली असती, तर बळी कदाचित थांबला असता. पण राई गावाची न राहता देणगीदाराची झाली असती. तसे झाल्यावर तिची राखण कोण करणार? मुलांना आम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्या: काय वंदनीय आहे तेही, आणि काय मान्य नाही तेही.

डोंगरापलीकडे, नाणे मावळात, पाले येथे एक लहानसे लेणे आहे. त्यातील ब्राह्मी शिलालेखाचे वाचन ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख अरहंतांना नमन करून सुरू होतो आणि भदंत इंद्ररक्षिताने लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविल्याची नोंद करतो. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत अभ्यासक त्याची गणना करतात. मावळच्या मातीत आपल्या परंपरेचा जो पहिला उद्गार सापडतो, त्यात पाण्याच्या दानाचा उल्लेख आहे, हे आम्हाला त्या दिवशी फार मोलाचे वाटले.

कारण शेवटी ठरले तेही पाण्याचेच. राईच्या आत एक वीटही जाणार नाही. राईच्या खाली, गावालगतच्या ठाकरवाडीत, झऱ्याचे पाणी साठविण्यासाठी एक टाकी बांधायची. तिची मागणी वाडीतील बायकांनीच केली होती. टाकीवर देणगीदारांच्या नावाची पाटी लावावी की नाही, याविषयी मात्र आमच्या चार कुटुंबांत अद्याप एकमत झालेले नाही.

हे सारे लिहिण्याचे प्रयोजन एवढेच की मावळात आज आपल्या समाजातील अनेक जण जमिनी घेत आहेत, बंगले बांधत आहेत. जमीन घेताना सातबारा आपण काळजीपूर्वक पाहतो. त्याबरोबर गावच्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: आसपास राई आहे का, आणि तिची हद्द कोठवर आहे? सातबाऱ्यावर ती हद्द दिसेलच असे नाही. ती कळली की कुंपण, रस्ता आणि विंधनविहीर तिच्यापासून दूर ठेवता येते. ज्येष्ठात काजवे चमकू लागले की मोटारींची रांग लावून, दिव्यांचे झोत टाकून ते पाहायला जाण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. तो मोह टाळता येतो. राईत जाणे झालेच तर थोड्यांनी, पायी, गावातील कोणाला सोबत घेऊन जावे आणि तेथून काही आणू नये.

परतताना सूर्य कुसूरच्या कडेवर टेकला होता. वडेश्वरपाशी धरणाच्या काठी बसून आम्ही दशम्या-चटणी खाल्ली आणि दिवस मावळण्यापूर्वी आवरते घेतले. राईबाहेर जाऊन बसलेल्या दोघांपैकी एकाने तेथे विचारले, टाकीचा खर्च किती येईल, आणि आपला वाटा लिहून घ्या म्हणाले.