आफ्रिकेची सफारी : आधी घरातली माणसे पाहा

आपल्याकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड, तसे बडोद्याच्या वाडी भागातील मराठी घरांत आत मराठी आणि बाहेर गुजराती. गायकवाडी काळात आलेल्या कुटुंबांची पुढची पिढी आजही तिथे आहे. गुजरातमधून पूर्व आफ्रिकेत व्यापाराला गेलेल्यांच्या गोष्टी सगळ्यांनीच ऐकलेल्या. त्यामुळे आफ्रिका त्यांना परकी वाटत नाही. वाडीतल्या आमच्या नात्यातल्या एका घरात यंदा सफारीचा बेत शिजतो आहे. जाणार आहेत अडुसष्ट वर्षांचे आजोबा, मुलगा-सून आणि पाच वर्षांची नात.

घरात वाद एकच : केनिया, टांझानिया की दक्षिण आफ्रिका? मुलाने खर्च मांडला, सुनेने फोटो. आजोबांनी मात्र विचारले, ‘तिथे सिंह गाडीजवळ येतो का?’ प्रश्न साहजिक आहे, पण त्यांच्याच शहरातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीतही आल्या. अंतर राखले की जनावर सहसा वाटेला जात नाही, हे बडोदेकरांना सांगायला नको. सफारीतही वाटाड्याचे ऐकावे, गाडीतून उतरू नये, एवढे पाळले की बरेचसे भय सरते.

खरी काळजी डासाची. मराठीत डास म्हणा की कन्नडात सोळ्ळे, तो कागदपत्रांतही शिरतो. केनिया आणि युगांडा पीतज्वराच्या देशांत मोडतात. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचा दाखला नसेल, तर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. २०१६ पासून तिचा दाखला आयुष्यभर चालतो. पण ही जिवंत लस आहे. साठीनंतर तिचे गंभीर दुष्परिणाम क्वचित का होईना, जास्त आढळतात. नऊ महिन्यांखालील बाळाला ती सहसा देत नाहीत. म्हणून आजोबांच्या डॉक्टरांचा सल्ला हा बेतातला पहिला कागद.

आता देश पाहू. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून ऑनलाइन प्रवासपरवानगी आणली. मसाईमाराचे स्थलांतर पाहायला जुलै ते ऑक्टोबर उत्तम, पण जुलैपासून प्रवेशशुल्कही वाढते. टांझानियाचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. तिथे आणि दक्षिण आफ्रिकेत पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे लसीचा दाखला मागतात. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबा मार्गे असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. दक्षिण आफ्रिकेची परवानगी आधीच काढावी लागते. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाची संमती तयार ठेवावी. नियम बदलतात, म्हणून दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहावे.

दक्षिण आफ्रिकेची जमेची बाजू म्हणजे पिलान्सबर्ग आणि मादिक्वे ही मलेरियामुक्त अभयारण्ये. क्रुगरला मात्र मलेरियाचा धोका आहे आणि केनिया-टांझानियाच्या जंगलांतही. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये. शहरांत मात्र, नैरोबी असो वा जोहान्सबर्ग, अंधार पडल्यावर पायी हिंडू नये.

वाडीतल्या घराचा कौल अखेर पिलान्सबर्गकडे झुकला. आजोबांना लस नको आणि नातीला मलेरिया नको, हे दोन्ही तिथे साधते. विमान मात्र पीतज्वराच्या देशातून न जाणारे शोधायचे. स्थलांतराचे दृश्य हुकेल, पण सगळे घर एकत्र जाईल.

लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. सफारीही ठरवूनच पाहावी. बेळगाव-निपाणीच्या घरांनी नकाशा उघडण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्याचे आणि सर्वांत धाकट्याचे वय कागदावर लिहावे. निम्मा निर्णय तिथेच होतो.