हत्ती आणि त्याचा चारा

दारी हत्ती झुलावा ही आकांक्षा आपल्या समाजात फार जुनी आहे. हत्तीला दररोज चाराही लागतो ही गोष्ट मात्र त्या आकांक्षेत सहसा अंतर्भूत नसते. आम्हांस तिचे ज्ञान इंदुरात, एका जुन्या जर्मन मोटारीच्या कृपेने झाले. ते बरेच महाग पडले असल्यामुळे वाचकांस तरी ते विनामूल्य मिळावे, एवढ्याच हेतूने हा प्रपंच.

आमच्या मातोश्री लग्न होऊन गोव्याहून माळव्यात आल्या, त्याला साठ वर्षे होऊन गेली. तरी कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेची त्यांची ओढ तसूभर उणावलेली नाही. देवीच्या महाप्रसादासाठी त्यांनी घरखर्चातून पैपैसा राखून एक रक्कम साठविली होती. गुडघे अधू झालेले आणि वाट हजार किलोमीटरांहून अधिक. तेव्हा त्यांना पाय पसरून, धक्का न लागता नेता येईल अशी मोटार घ्यावी, असे आमच्या मनाने घेतले. नवी असताना कोटीच्या घरात किंमत असलेली गाडी दहा वर्षांची होऊन १६ लाखांना मिळत होती. सोळा लाखांत कोटीचे सुख, असा सरळ हिशेब आम्ही मांडला आणि तेथेच चुकलो. मोटार जुनी होते तशी तिची किंमत उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत कोटीच्या गाडीचीच राहते.

इंदूरच्या रिवाजाप्रमाणे खजराण्याच्या गणपतीसमोर वाहनपूजा झाली. महिनाभरातच गजाननाच्या वाहनाने आमच्या वाहनाचा समाचार घेतला. उंदरांनी इंजिनाजवळच्या तारा कुरतडल्या आणि ४० हजार रुपये गेले. पुढे एके सकाळी पाहतो तो, गाडी देवळापुढच्या नंदीसारखी पुढचे पाय मुडपून बसलेली! या गाड्यांना पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात. उन्हाने व धुळीने रबर तडकते, हवा गळते आणि ती पुन्हा भरता भरता हवेचा पंपही जळतो. पिशव्या व पंप मिळून २ लाख ४० हजार! आमच्याजवळ तेवढी शिल्लक नव्हती. महाप्रसादाच्या रकमेतून एक लाख रुपये आम्ही उसने घेतले. मातोश्रींनी डबा पुढे केला आणि एक अक्षरही बोलल्या नाहीत. ते मौन आम्हांस फार बोचले.

बॅटरी दुर्बळ होताच ब्रेक, सुकाणू, दिवे सर्वांच्या धोक्याच्या खुणा एकाच वेळी पेटल्या. तीन दिवस आम्ही निष्कारण भयभीत होतो. तीस हजारांची नवी बॅटरी बसताच सर्व खुणा मावळल्या. गिअरबॉक्सचे तेल जन्मभर पुरते, असे विक्रेत्याने सांगितले होते. जन्मभर म्हणजे कोणाच्या जन्मभर, हे विचारावयाचे राहून गेले. गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांत किंवा आठ वर्षांत बदलावे, असे सांगते. त्या तेलाचे ५० हजार झाले. चार टायरांचे १ लाख १० हजार. विम्याचे ६० हजार. आधीच्या मालकाने मिळविलेली बोनसाची सवलत त्याच्याबरोबरच गेली, कारण ती मालकाची असते, गाडीची नव्हे. शिवाय झीज व यांत्रिक बिघाड नेहमीच्या विम्यात येतच नाहीत. अपघात झालाच, तरी रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांची निम्मी किंमत आपणच सोसावयाची.

अखेर एका मे महिन्यात आम्ही निघालो. नर्मदा ओलांडली, सातपुड्याची चढण लागली आणि सेंधव्याजवळ उष्णतेचा काटा लाल रेषेवर गेला. इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याची प्लॅस्टिकची नळी फुटली होती. आम्ही इंजिन तत्काळ बंद केले. तसेच पुढे रेटले असते तर इंजिनाचे ॲल्युमिनियमचे डोके वाकडे झाले असते, असे मागाहून कळले. भर दुपारी रस्त्याकडेच्या निंबाखाली मातोश्री बसल्या होत्या. देवीला पोहोचविण्याची प्रतिज्ञा करणारे आम्ही अधोवदन उभे होतो. त्या एवढेच म्हणाल्या, “देवाक आमची गाडी नाका, आमी जाय.”

गाडी सपाट पाठीच्या ट्रकावर चढवून दीडशे किलोमीटर परत आणली. ट्रकाचे भाडे, नळ्या आणि पाण्याचा पंप यांत आणखी एक लाख गेले. आमच्या मिस्त्रीने हात पुसत आपल्या इंदुरी बोलीत सांगितले, “भिया, हाथी तो बाँध लिया, अब गन्ने का इंतज़ाम भी रखो.”

त्या वाक्याने आम्हांस इंदूरच आठवले. याच नगरीचे अधिपती दुसरे यशवंतराव होळकर यांच्याजवळ अमेरिकन दुसेनबर्ग मोटार होती. ती बनविणारी कंपनी १९३७ साली बंद पडली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराने महाराजांसाठी रचलेला माणिकबाग राजवाडा पुढे सरकारी कचेरी झाला. वैभव उभारणे निराळे आणि पोसणे निराळे. हे अंतर त्याच घराण्यातील अहिल्याबाईंना पूर्णपणे उमगले होते. १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या त्या साध्वीने देशभर मंदिरे व घाट बांधले आणि पूजाअर्चेच्या व अन्नसत्रांच्या नित्य खर्चाची तरतूदही आपल्या खासगीतून लावून दिली. आपल्या देवस्थानांच्या जुन्या दानपत्रांतही नंदादीपाच्या तेलासाठी जमिनी तोडून दिलेल्या आढळतात. कळस चढविणाऱ्याने तेलाची चिंता आधी करावयाची, हे आपल्या पूर्वजांचे शहाणपण आम्ही मोटार घेताना विसरलो.

दीड वर्षात किंमत सोडून ६ लाख ३० हजार रुपये खर्च झाले. गाडी आम्ही ८ लाखांना विकली. सर्व पावत्यांची चोपडी खरेदीदाराच्या हाती दिली आणि उंदरांपासून नळीपर्यंतचा इतिहास त्याला ऐकविला. त्याने भाव थोडा आणखी पाडला, तो आम्ही मुकाट्याने सोसला होता. ८ लाख हा त्यानंतरचा भाव. एकूण ९ हजार किलोमीटर प्रवास घडला. पेट्रोल वगळता किलोमीटरमागे सुमारे १५९ रुपये पडले! अशी मोटार घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. घेण्यापूर्वी ती त्रयस्थ मिस्त्रीला दाखवावी, रात्रभर उभी करून सकाळी बसते का ते पाहावे, आणि किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रक्कम चाऱ्यासाठी निराळी ठेवावी. ती ठेवता येत नसेल, तर तो हत्ती आपल्या दारचा नव्हे.

विक्रीच्या पैशांतून पहिले एक लाख त्या डब्यात परत गेले. पुढच्या मार्गशीर्षात आम्ही अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस व तेथून कोकण रेल्वेने मडगावास गेलो. फलाटांवर मातोश्रींना चाकांच्या खुर्चीतून नेले. कवळ्यास महाप्रसाद झाला. निघताना त्यांनी डबा उपडा केला आणि उरलेली रक्कम देवीच्या नंदादीपासाठी दिली.