आपलाच आवाज, दुसऱ्यांदा

पहिली-दुसरीच्या वर्गात प्रकट वाचन चालू असतं तेव्हा एक मूल वाचतं. बाकीची आपली पाळी कधी येते म्हणून कान टवकारून बसतात, किंवा येऊच नये म्हणून मान खाली घालतात. ३० मुलांचा पट आणि ३५ मिनिटांचा तास धरला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येतं, तेही शिक्षकाने मध्ये तोंड उघडलं नाही तर. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात, तिथे तेवढंही उरत नाही. यावर उपाय म्हणून मुलांनी आपलं वाचन फोनवर रेकॉर्ड करावं, शिक्षकाने ते सवडीने ऐकावं, असं सुचवलं जातं. हा फायदा खरा असला तरी मला तो दुय्यम वाटतो. रेकॉर्डिंगचं खरं काम वाचणाऱ्या मुलाकडे आहे.

नुकतं वाचू लागलेलं मूल अक्षर ओळखण्यात, काना-मात्रा जुळवण्यात इतकं गुंतलेलं असतं की आपण काय वाचतोय ते त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युअल्स यांनी १९७४ मध्ये याची मांडणी केली: लक्ष मर्यादित असतं, ते अक्षरओळखीतच खर्ची पडलं तर अर्थासाठी उरत नाही. पुढे १९७९ मध्ये सॅम्युअल्स यांनी सुचवलेली रीत साधी होती. छोटा उतारा घ्यायचा आणि वाचन सुरळीत होईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा वाचायचा. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालानेही मार्गदर्शनाखाली मोठ्याने केलेल्या अशा पुनर्वाचनाच्या बाजूने कौल दिला. प्रश्न एवढाच की सात वर्षांच्या मुलाने तोच परिच्छेद चौथ्यांदा का वाचावा? ‘बाई सांगतात म्हणून’ हे कारण दुसऱ्या वेळेपर्यंतच पुरतं. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाला मात्र कुणी सांगावं लागत नाही. ऐकून झालं की ‘हे नको, परत घेऊ’ असं तेच म्हणतं. त्यातून पहिलीच्या मुलांना ऐकवायची गोष्ट दुसरीच्या मुलांनी वाचून ठेवायची असेल, तर ‘परत घेऊ’ला आणखी जोर येतो, कारण आता ऐकणारं खरंच कुणीतरी असतं.

ऐकताना मुलाला नेमकं काय कळतं, हे मराठीपुरतं पाहण्याजोगं आहे. मूल ‘सकाळ’ हा शब्द स, का, ळ असा सुटा सुटा वाचतं, शेवटच्या ‘ळ’मधल्या ‘अ’चा पुरा उच्चार करून. वाचताना त्यात त्याला काही खटकत नाही. तेच पुन्हा ऐकताना खटकतं, कारण घरात असं कुणी बोलत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिपीत एकच दिसतो, बोलण्यात तो वेगळा आहे. हा फरक पुस्तकातलं कुठलंच चिन्ह दाखवत नाही. गाईला घालायचा चारा ‘चार’मधल्या चने वाचलेला ऐकू आला की मूल थबकतं. त्याच्या डोळ्यांना अक्षरांची ओळख होऊन काही महिने झालेले असतात, कानांना मात्र मराठीचा सहा-सात वर्षांचा सराव असतो. वाचताना हा कान कामात नसतो. रेकॉर्डिंग वाचणं आणि ऐकणं वेगळं करतं, म्हणून तो परीक्षक म्हणून बसू शकतो.

ही सगळी मांडणी मूल घरी प्रमाण मराठीच्या जवळचं काही बोलतं असं गृहीत धरून आहे, आणि खरा आक्षेप इथेच आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या कानाला ‘पानी’ खटकणार नाही. खटकूही नये, कारण त्याने शब्द बरोबर ओळखलेला आहे. ‘पणी’ वाचणाऱ्याचा मात्र काना सुटला आहे. चालू तासात दोन्हींना एकच ‘चूक’ हा शिक्का बसतो आणि दोघांनाही तिथल्या तिथे अडवलं जातं. पुन्हा ऐकता आलं तर शिक्षकाला बोली आणि वाचनदोष वेगळे करता येतात. या कामासाठी शिक्षकाने रेकॉर्डिंग ऐकावं, याबद्दल माझं दुमत नाही. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. कोरकू मराठीच्या कुळातलीच नाही. तिथे मुलाच्या कानावर आधी मराठी गोष्ट भरपूर पडायला हवी, आणि पहिलं रेकॉर्डिंग कोरकूतल्या गोष्टीचं असलेलं बरं. आधी आवाज ओळखीचा, मग अक्षर.

दुसरा आक्षेप पाठांतराचा: चार वेळा वाचलं की मूल पानाकडे न बघताच म्हणून दाखवेल. दाखवेलच, आपल्याकडे तर पाढ्यांमुळे ही सवय भक्कम. पण ते तपासणं अवघड नाही. उताऱ्याच्या मधल्या ओळीवर बोट ठेवून तिथून वाचायला सांगावं, किंवा त्याच शब्दांची नवी वाक्यं फळ्यावर लिहावीत. मोबाइल हातात देण्याची भीती वाटते तर फोन पालथा ठेवावा, आवाजाला पडदा लागत नाही. लाजेचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अडखळत वाचलेलं सगळ्या वर्गात वाजवणं किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा त्या मुलावर अन्याय आहे. रेकॉर्डिंग मुलाच्या मालकीचं. ठेवायचं की पुसायचं ते त्यानेच ठरवावं.

राहिला वेग. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. मराठीत ‘शेतकऱ्यांसाठी’ हाही एकच शब्द आणि ‘तो’ हाही एकच, त्यामुळे दोन उताऱ्यांचे आकडे शेजारी ठेवताना जपून. रेकॉर्डिंग हाताशी असलं की मोजण्याचा मोह वाढतो आणि मुलं धावत सुटतात. मोजायचंच तर नंतर मोजावं, मुलासमोर घड्याळ धरू नये. आणि ‘अर्थ समजून’ हे शब्द घड्याळाने मोजता येत नाहीत. ‘कोल्हा म्हणाला’ यानंतर मूल क्षणभर थांबलं का, पुढचं वाक्य कोल्ह्याचं म्हणून वाचलं का, हे लिहायला नोंदवहीत रकाना नसतो. ते समासात लिहावं लागतं.