तीन नंबरचा इंजेक्टर

आमच्या ट्रुगानिनात पहाट होते ती ट्रकच्या आवाजाने. लीक्स रोड म्हणा, डोहर्टीज रोड म्हणा, जिकडे तिकडे गोदामं. ह्या गर्दीत आमचाही एक ट्रक आहे, १९९६ सालचा, सहा सिलिंडरचा. घराचा हप्ता तोच भरतो म्हणा ना!

यंदाच्या थंडीत तो सकाळी पांढरा धूर ओकू लागला, वर खडखडाट. मेकॅनिकने चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून पाहिला. तिसऱ्याला आवाजात फरकच पडेना. म्हणजे तिसरा सिलिंडर काम करत नव्हता.

आमच्या पोटात गोळा आला. कारण तीन नंबरचा इंजेक्टर आम्हीच दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला म्हणून बसवला होता, आणि बाबांना सांगितलं नव्हतं. बाबांचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, जन्म गेला नाशिकच्या मायकोत नोझल तपासण्यात. २००८ साली कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण बाबांच्या तोंडी अजून मायकोच.

शेवटी ह्यांनी फोन लावला. बाबांनी पहिलं विचारलं, "नोझलवर नंबर काय आहे रे?"

बाकी पाचांवर डीएलएलए १५० वगैरे कोरलेलं. त्यातले १५० म्हणजे फवाऱ्याचा कोन, अंशांत. दिसायला तंतोतंत सारखा नोझलही कोन चुकला तर डिझेल भलतीकडेच मारतो. आमच्या तिसऱ्यावर काहीच नव्हतं. गुळगुळीत.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, सुई आणि नोझलमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट असते. ती जोडी एकत्र घासून बसवतात, एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. आणि तुम्ही बिननावाचा घेतलात? तो गळत राहिला तर ऑइल पातळ होतं, पिस्टनला भोक पडतं."

नवे सहा अस्सल घ्यायची आमची ऐपत नव्हती. फक्त एक बदलावा, असं ह्यांचं मत. बाबांनी ते मोडून काढलं: पाच झिजलेले आणि एक नवा, इंजिन एकसारखं चालणार कसं? अस्सल बॉडी असलेले सहा रिकंडिशन्ड घ्या, आत नवे अस्सल नोझल, आणि टेस्ट बेंचवर आपल्या डोळ्यांसमोर तपासून घ्या.

तसंच केलं. पुस्तकात दिलेल्या दाबाला प्रत्येक इंजेक्टर करकर आवाज करत उघडला, धुक्यासारखा फवारा, टोकाला थेंब नाही. दोघांचा दाब कमी भरला तेव्हा कारागिराने आत पातळ चकत्या घालून तो वाढवला. तांब्याचे वॉशर सगळे नवे. तिथे दोन डॉलर वाचवणं म्हणजे वेडेपणाच! तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन थोडं कमी भरलं, पण पिस्टन वाचला होता.

तो बिननंबरचा इंजेक्टर आम्ही ठेवून दिलाय. दिवाळीत नाशिकला न्यायचाय. बाबांना तो कापून बघायचाय.