सहीच्या वरचा मजकूर

गेल्या महिन्यात आमच्या साहेबांच्या नावे सांगलीहून एक अंतर्देशीय पत्र आले. आमच्याकडील एक मराठी शिपाई वारला होता. साहेबांनी त्याच्या पत्नीला सांत्वनपत्र धाडले होते, त्याचे हे उत्तर. साहेब मराठी नव्हेत. "तुमच्याच भाषेत लिहा, बाईंना समजले पाहिजे," असे ते मला म्हणाले होते, आणि स्वतःला वाचता न येणाऱ्या मजकुराखाली त्यांनी निःशंकपणे सही केली होती. बाई विचारीत होत्या, "आमच्या दाराशी त्यांच्या चपला अजून तशाच आहेत, हे साहेबांना कसे कळले?"

दिल्लीत आल्यापासून गेली नऊ वर्षे मी परक्या सहीसाठी लिहितो आहे. त्यामुळेच की काय, या पेशातल्या पूर्वसूरींविषयी वाचण्याचा मला नाद लागला. बाळाजी आवजींनी महाराजांना कोरा कागद वाचून दाखविल्याची आख्यायिका आपण सर्वांनीच ऐकली आहे. पण मला अधिक जवळची वाटली ती लंडनमधल्या लँबेथ राजवाड्यातली माणसे. थेम्सकाठच्या या वास्तूत कँटरबरीच्या आर्चबिशपांचे बिऱ्हाड आणि कचेरी एकत्रच. त्यांचा चॅप्लेन म्हणजे घरचा पुरोहित आणि खासगी चिटणीसही. रँडल डेव्हिडसन 1877 साली आर्चबिशप टेट यांच्याकडे या कामावर आले. पुढच्याच वर्षी टेट यांचा मुलगा गेला, पत्नीही गेली. आणि त्याच वर्षी हा चिटणीस त्यांचा जावई झाला. 1903 मध्ये तर तो स्वतःच त्या गादीवर बसला. (आमच्या खात्यात बढतीची अशी सोय नाही!)

या डेव्हिडसनांचे चिटणीस जॉर्ज बेल. 1914 ते 1924, म्हणजे महायुद्धाचा सारा काळ त्यांनी लँबेथमध्ये काढला. 1918 साली त्यांचे दोन भाऊ रणांगणावर पडले. आर्चबिशपांचे टपाल त्या दिवसांतही आलेच असेल. धन्याच्या नावाने इतरांचे सांत्वन करताना बेल यांची लेखणी कोठे अडखळली असेल, या विचाराने मी पुस्तक मिटून ठेवले होते. पुढे बेल चिचेस्टरचे बिशप झाले. 1935 साली त्यांनी धन्याचे द्विखंडात्मक चरित्र प्रसिद्ध केले. आणि फेब्रुवारी 1944 मध्ये, ऐन युद्धात, जर्मन शहरांवरील ब्रिटिश बाँबवर्षावाविरुद्ध ते उमरावांच्या सभेत उभे राहिले. त्यामुळेच कँटरबरीची गादी त्यांना अंतरली, असे पुष्कळांचे मत आहे. ते शब्द तरी त्यांचे स्वतःचे होते.

चपलांचे ते वाक्य शिपायाच्या घरचे नव्हते. ते आमच्या वाईच्या घरचे होते. वडील गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सारे आटोपले होते. चार दिवसांच्या रजेत आईशी बोललो ते दाखल्यांविषयी आणि निवृत्तिवेतनाविषयी. दाराशी त्या चपला मी पाहिल्या होत्या. बोललो मात्र नाही.

साहेबांना मी बाईंचे पत्र अर्थ सांगत वाचून दाखविले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असे मी काय लिहिले होते?" मी तेही सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "उत्तर तयार करा."

ते संध्याकाळीच सहीला गेले. दुसरा एक कागद अद्याप माझ्या खणात आहे. "ती. आईस शि. सा. न. वि. वि." एवढा मायना झाला आहे.