मोडीचं सोनं, मोडलेली एफडी

सराफा, इंदूर

चि. बाळ,

"खातेदारानं स्वतः स्लिप भरली, स्वतः सही केली, तर बँक काय करणार?" तुझ्या पत्रातलं हे वाक्य दुपारी शेजारच्या पेढीवर वाचून दाखवलं. म्हातारे सराफ हसले. त्यांच्या गादीवर सत्तरीची बाई एकटीच पाटल्या मोडायला आली, की काटा आधी बाजूला सरकतो. पाणी येतं. "सूनबाई नाही आल्या?" म्हणून चौकशी होते. बाई घाबरलेली दिसली, तर "उद्या या, भाव चढेल" सांगून परत पाठवतात. भाव चढतोच असं नाही.

तुमच्या बँकेत एफडी मोडताना हे कोण विचारतं?

इंदूरचंच घे. सप्टेंबर २०२४ मध्ये ६५ वर्षांच्या एका बाईंना फोन आला: तुमचं खातं अमली पदार्थांच्या धंद्यात वापरलं गेलंय. मग पाच दिवस व्हिडिओ कॉलवर 'चौकशी', मुलांच्या जिवाची धमकी, आणि दोन वेळा मिळून ४६ लाख गेले. याला म्हणे डिजिटल अरेस्ट. कायद्यात असली अटकच नाही. भामट्यांची हिंमत बघ, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी इथल्या क्राइम ब्रँचचे अतिरिक्त पोलीस उपायुक्त राजेश दंडोतिया यांनाच फोन लावला, तोही ते पत्रकारांशी बोलत असताना! तिथे डाळ शिजली नाही.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तुला पाठ असेल. त्रयस्थानं परस्पर पैसे लांबवले आणि कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर खातेदाराला भुर्दंड नाही. पण धाकानं स्वतःच्या हातानं पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत, आणि म्हाताऱ्यांचे जातात ते बहुधा असेच. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना असेही पैसे परत द्यावे लागतात, ८५,००० पौंडांपर्यंत. पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मं-निम्मं सोसते. हतबल ग्राहकाला "तुम्ही बेसावध होता" असं ऐकवून हात झटकता येत नाहीत. घेणाऱ्या बँकेला धरलं हे फार बरं केलं. चोरीचा पैसा फिरवणारी भाड्याची खाती तिच्याकडेच उघडलेली असतात ना!

पैसा ज्याचा त्याचा, म्हातारपणी काय परवानगी काढायची, असं तू म्हणशील. खरंय. सराफही नाही म्हणत नाही, एक रात्र मागतो.

तुझ्या शाखेत पंचाहत्तरीचे आजोबा सगळ्या एफडी एकदम मोडून अनोळखी खात्यात आरटीजीएस करायला आले, तर तो अर्ज कुणाच्या टेबलावर थांबतो, तेवढं कळव. पेढीवर विचारत होते.

तुझा,
मामा